बॉनेटची दुसरी तार

या, असे जवळ सरकून बसा. पाय आवरा, मनही आवरा. भर दुपारी हाक मारणाऱ्या एका मोटारीची गोष्ट सांगतो. ऐकताना पाठीवरून मुंगी चालल्यासारखं वाटलं, तर मागे वळून बघू नका.

मोठे मामा गेल्यानंतरची ती पहिलीच सुट्टी. त्यांची जुनी निळी मोटार शेडमध्ये उभी होती. तिचं बॉनेट त्यांनी स्वतः पत्रा ठोकून घडवलं होतं. छपरातल्या काचेतून ऊन त्या बॉनेटवर उतरलं, की मोटार कण्हायची. हॉर्नच तो, पण दबलेला, घशात अडकलेला. गाडीत कुणी नाही आणि किल्ली मामीच्या उशाखाली.

मामी मात्र भ्यायची नाही. ताटावरून उठून शेडमध्ये जायची, बॉनेटवर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "आले हो, आले." ते ऐकलं की टिटवीच्या अंगावर सरसरून काटा यायचा. टिटवी म्हणजे मामीची भाची, अंगाने काडी आणि तोंडाने अखंड. पण शेडच्या दाराशी तिचीही बोलती बंद व्हायची.

धाकट्या मामाला या भुताटकीचा कंटाळा आला होता. तो म्हणे, कुठेतरी वायर टेकत असेल, बाकी काही नाही. पण बघणार कसं? आतून ओढायची तार तुटलेली, बॉनेट उघडतच नव्हतं. शेवटी त्याने मिस्त्रीला निरोप धाडला, संध्याकाळी ग्राइंडर घेऊन या, पत्रा कापून काढू.

"त्यांच्या हातचं आहे रे ते," मामी एवढंच म्हणाली.

"मग काय फुंकर मारून उघडू, वहिनी?"

मामी पदराने बॉनेटवरची धूळ पुसत राहिली.

त्या दुपारी टिटवी, तिचा धाकटा भाऊ गोटी आणि धाकट्या मामाचा मुलगा शंकासुर असे तिघे शेडमध्ये शिरले. शंकासुराला सूर्य उगवला तरी शंका यायची. ऊन सरकत सरकत बॉनेटवर आलं. मोटार कण्हली. गोटी टिटवीच्या पाठीमागे लपला, आणि शंकासुर गोटीच्या.

टिटवीने धीर करून मोटारीच्या पुढच्या जाळीला नाक लावलं. जळक्या रबराचा वास. भुताला वास कशाला येईल?

आणि तिला एकदम मागची सुट्टी आठवली. मोठ्या मामांनी तिचा काटकुळा हात या जाळीतून आत घालायला लावला होता, बॉनेटच्या कडीला दुसरी तार अडकवायला. तेव्हा ते म्हणाले होते, "रुसलेल्या माणसाला हसवायची एक गुपित जागा असते, टिटवे. गाडीचीही असावी."

ती जमिनीवर पालथी पडून बंपरखाली चाचपू लागली. तारेचं कडं तिथेच लोंबत असायचं. आता नव्हतं.

विचारल्यावर धाकटा मामा म्हणाला, "ती लोंबती तार होय? पॉलिश करताना कापून टाकली. किती घाण दिसत होती!"

"बाबा," शंकासुर गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही गाडीची गुदगुली कापलीत."

तार कापली तरी तिचं मूळ कडीलाच असणार. टिटवीने हात जाळीत घातला. कोपरापर्यंत काळोख. बोटांना काहीतरी टोचलं, तारेचंच टोक. पण ते बोटभरच उरलेलं, धरून ओढलं की निसटायचं. तेवढ्यात तिच्या हाताजवळच मोटार पुन्हा कण्हली. वाटलं, आतून कुणीतरी बोटं धरतंय. तरी तिने हात काढला नाही.

"गोटी, तुझ्या सायकलच्या ब्रेकची तार दे."

"आणि मी थांबू कशाने?"

"पायाने. रोज तसाच तर थांबतोस."

गोटीने तार दिली. शंकासुराने विजेच्या सामानातली दोन स्क्रूंची पितळी नळी आणली. एका बाजूने मामांच्या तारेचं टोक, दुसऱ्या बाजूने गोटीची तार, तिच्या टोकाला वळवलेलं नवं कडं. टिटवीने आंधळ्यासारखे चाचपत स्क्रू आवळले. ऊन उतरता उतरता दारात मिस्त्रीचा ग्राइंडर जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, तेव्हाच तिने तार ओढली.

खट्. बॉनेट वर उचललं गेलं.

आत हॉर्नच्या वायरवरचं रबर घासून, जळून काळं पडलं होतं. ऊन लागून पत्रा फुगला, की ती वायर त्याला टेकायची आणि हॉर्न कण्हायचा. हातभर अंतरावर पेट्रोलची नळी, तिच्या जोडाशी ओल. धाकट्या मामाने घाईघाईने बॅटरीची वायर सोडवली. मिस्त्री म्हणाला, इथे ग्राइंडरची ठिणगी पडली असती, तर शेड राहिली नसती आणि आपणही.

धाकटा मामा खाली बसला. मग त्याने तिघांची डोकी जवळ ओढली. "पोरांनो, आज तुम्ही मोठे आणि मी पोर."

मोटार गप्प झाली होती. मामी दारात उभी होती. "आता नाही का हाक मारणार?" तिने विचारलं. टिटवी पुढे झाली. तिने बॉनेट हलकेच मिटलं आणि तारेचं नवं कडं मामीच्या हातात दिलं. मामीने ओढलं. खट्.

मामी हसली. वर्षभरात पहिल्यांदाच. "हसवायची जागा ठेवून गेले बघ," ती म्हणाली.

तर मुलांनो, तुमचं एखादं अडलेलं दार कधी अलगद उघडलं, तर क्षणभर थांबा, आणि आपल्यामागे दुसरी वाट ठेवून गेलेल्या त्या मोठ्या मामांची आठवण काढा.