शेपटातली टकटक

खाडीच्या काठी एक घर होतं, घरात माणसं तीन. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा फिटर, त्याची तोंडाळ बायको आणि एकुलता एक लेक. लेक लष्कराच्या गस्तीच्या विमानात अगदी मागच्या खिडकीशी बसून समुद्रावर नजर ठेवायचा. त्यांची नि आमची भिंत एकच, म्हणून सांगते. जवळ सरका.

एका संध्याकाळी ते विमान उडालं, धावपट्टी ओलांडली आणि खाडीत कोसळलं. दोन तुकडे झाले. पुढच्या तुकड्यातून सगळ्यांना काढलं, कप्तानालासुद्धा. एकही जिवंत नाही. शेपूट मात्र चिखलात रुतून बसलं. आत गाळ भरलाय, फिटरचा पोरगा भरतीबरोबर वाहून गेला, असं शोधकामावरच्या साहेबांनी ठरवून टाकलं.

तिसऱ्या रात्री, अवसेची रात्र होती, शोध घेणारी लाँच बंद पडली. फिटरला बोलावणं आलं.

"अहो, जाऊ नका," बायको म्हणाली. "त्यांचं इंजिन चालू करून आपला पोरगा मिळणारे का?"

"लाँच चालली तर शोधतील तरी." त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

इंजिन चालू झालं. साहेब हळूच म्हणाले, "काका, पहाटे शोध थांबवतोय. वरून हुकूम आहे."

"साहेब, अजून एक दिवस... पाया पडतो तुमच्या."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग शेपटापाशी तरी न्या. शेवटचा तिथंच बसला होता तो."

नेलं. आता फिटरची एक सवय होती. कुठलंही यंत्र पुढ्यात आलं, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. आतलं दुखणं ऐकू येतं म्हणे. शेपटालाही त्यानं तेच केलं.

खलाशी पुटपुटला, "काका, शेपटात इंजिन नसतं हो."

फिटरनं हात वर केला. गप्प...

टक.

टक टक.

"आहे... आत आहे!"

साहेबांनी मूठ कानाला लावली.

टक.

पत्रा कापला. अंधार. गाळ. वर वीतभर हवा. त्या हवेत लेकाचं तोंड... डोळे उघडे.

दवाखान्यात आई म्हणाली, "ठोकत राहिलास, म्हणून वाचलास रे बाबा."

"मी कुठे ठोकलं, आई? हात हलत होते का माझे?" दोन्ही हात खांद्यापासून मोडलेले. "कप्तानसाहेब ठोकत होते. माझा डोळा लागला, की ठोकायचे."

कप्तानाला तर पहिल्याच दिवशी पेटीत घालून त्याच्या घरी पाठवलं होतं...

पुढे क्रेननं शेपूट उचललं. पत्र्याला पोचे होते, मुठीएवढे. पण आतून नाही. बाहेरून. तेही खालच्या बाजूला... जी चिखलात गाडलेली होती.

आईनं त्यावर घरात कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. लेकाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये. एवढ्या दांडग्या पोराला ती घास भरवायची नि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं, "आ कर, घोड्या! वाहून गेला म्हणे!"

आणि घोडा आ करायचा.