तांबं थकतं, कोपरही

तन्वीआत्याच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि शलाका फडकं घेऊन धावली.

पुण्याच्या तांबट आळीत आता बहुतेक भांडी यंत्रांचे हातच ठोकत. पण चंद्रावरच्या वस्तीला पाण्यासाठी हातानं घडवलेली घागर हवी होती, आणि ते काम आत्याकडे आलं होतं. घागर निम्मी झाली आणि कोपर ठणकायला लागलं. गेल्या वर्षीही ते असंच दुखलं होतं, तेव्हा एका इंजेक्शननं दुखणं चार दिवसांत पळालं होतं. मग ते परत आलंच कसं, आणि तेही दुप्पट जोरानं?

"बास झालं, शले. हातोडा पेटीत ठेवते आता," आत्या म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. कधी न रडणाऱ्या आत्याचा तो आवाज ऐकून शलाका घाबरलीच. तिनं आत्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथे टिटवी नावाची यंत्रमानव डॉक्टर होती. नावाप्रमाणेच बडबडी. तिनं आत्याच्या कोपरावर तळवा ठेवला. तळव्यातून श्राव्यातीत लहरी (आपल्याला ऐकू न येणारे आवाज) आत गेल्या आणि समोरच्या पडद्यावर आतलं चित्र उमटलं.

"ही कंडरा. म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. मनगट उचललं की हिला ताण बसतो. तुम्हाला झालाय टेनिस एल्बो."

"अगं, मी जन्मात रॅकेट धरली नाही!"

"दुखण्याला कुठे ठाऊक, हातात रॅकेट आहे की हातोडा?" टिटवी म्हणाली. "दोरीचे धागे उसवलेत, बघा. गेल्या वर्षी तुम्ही स्टेरॉइड (सूज आणि दुखणं दाबणारं औषध) घेतलं. दुखणं दबलं, धागे मात्र उसवलेलेच राहिले. ते औषध वारंवार घेतलं तर दोरी कमकुवतही होऊ शकते. बरं, दुखायचं थांबल्यावर काय केलंत?"

"लग्नसराई होती ना! दुप्पट ठोकलं."

शलाका ताडकन उठली. "आत्या! तूच सांगतेस ना, ठोकून ठोकून तांबं कडक होतं, थकतं? मध्ये भट्टीत तापवून मऊ केलं नाही तर तडकतं? मग भांड्याला विसावा दिलास आणि हाताला नाही?"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. डावा.

"दुरुस्तीला कुणीतरी पाठवायला हवं," टिटवी म्हणाली. तिनं आत्याच्या दंडातून थोडं रक्त काढलं आणि ती नळी यंत्रात गरगर फिरवली. जड लाल पेशी तळाशी बसल्या. वर पिवळसर द्रव उरला. "यात रक्तबिंबिका (जखमेतलं रक्त थांबवणाऱ्या इवल्या पेशी) दाटलेल्या आहेत. जखम भरायची हाक त्याच देतात. सगळ्यांनाच यानं गुण येतो असं नाही हं. तुमचे धागे बघून मला आशा वाटते, पण वचन देत नाही."

पडद्यावर बघत टिटवीनं सुई नेमकी उसवलेल्या जागी नेली. आत्यानं शलाकाचा हात घट्ट धरला.

सुरुवातीला कोपर जास्तच दुखलं. टिटवीनं तसं बजावूनच ठेवलं होतं, म्हणून दोघींनी धीर धरला. मग व्यायाम सुरू झाले. हात टेबलावर टेकवायचा, पाण्याचा छोटा तांब्या धरायचा आणि मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं. आत्या कंटाळायची, शलाका डोळे वटारायची. चंद्रावरच्या लोकांनीही निरोप पाठवला, 'घागरीची घाई नाही.'

काही महिन्यांनी एका सकाळी आळीत ओळखीचा ठोका घुमला. ठण्, ठण्, ठण्. शलाका दप्तर भरता भरता हसली.

आणि ठोका अचानक थांबला.

परत दुखलं? ती धावत कारखान्यात गेली. हातोडा खाली ठेवलेला होता, घागर भट्टीत लाल होत होती आणि आत्या शेजारी पाय पसरून बसली होती.

"काय गं, धापा का टाकतेस? घागर थकली, तिला विसावा दिलाय," आत्या म्हणाली. "आणि मलाही."

तिच्या उजव्या हातात चहानं काठोकाठ भरलेला कप होता. शलाकानं नीट पाहिलं. बशीत एक थेंबही सांडला नव्हता.