‘येतो’ म्हणू नकोस

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो भरतेश माझा मावसभाऊ. आजही सांगलीत गिटार शिकवतो. त्याने जसं सांगितलं, तसंच लिहितो आहे...

यंदाच्या मार्गशीर्षातली संध्याकाळ. गाव उंब्रज.

महायुद्धाच्या काळातली आर्चटॉप गिटार विकायची आहे, असं कळलं आणि भरतेशला राहवेना. व्हायोलिनसारखं फुगीर पोट, दोन अंगांना दोन वळणदार फटी. अशी गिटार त्याने फक्त फोटोत पाहिली होती. घरी बायकोला, प्रीतीला, सातवा महिना. लवकर ये म्हणून तिने बजावलं होतं.

विकणारे आप्पासो मोकळ्या स्वभावाचे.

"च्या तरी घ्या पावणं. गिटार काय पळून जात न्हाई."

गिटारीला एकही तार नव्हती. लाकूड मात्र उबदार लागलं... कुणी नुकतीच मांडीवरून उतरवून ठेवावी, तसं.

कोपऱ्यात आप्पासोंची आई बसली होती. बनाबाई. ऐंशी पार केलेली. तिचा बाप फौजेतून इटलीला लढाईवर गेला, तो परतलाच नाही. त्याची ही गिटार सोबत्याने आणून दिली.

तिने भरतेशला जवळ बोलावलं.

"आबा दारातनं 'येतो' म्हणून गेला, बाळा. ही घिऊन उंबरा वलांडताना तू 'जातो' म्हन. 'येतो' म्हनू नगंस."

भरतेशने मान डोलावली.

पण निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे आईने लहानपणापासून जिभेवर कोरलेलं. गिटार काखेत धरून तो म्हातारीच्या पाया पडला, उंबऱ्यात आला आणि...

"येतो, आजी."

आप्पासोंचं हसू थांबलं.

बनाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मागे बघत होती. तिचे डोळे भरून आले. भीतीने की आनंदाने, भरतेशला आजवर कळलेलं नाही.

परतताना कुंडल गाव मागे पडलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर, त्या बिनतारांच्या गिटारीत, एकच सूर घुमला...

मग काहीच नाही.

घरी प्रीती दारातच उभी.

"आत यायचं सोडून फाटकातनं 'येतो, येतो' काय म्हणत होतास?"

भरतेशने तोंडही उघडलं नव्हतं.

घरी येणारा माणूस 'आलो' म्हणतो. 'येतो' नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तोच आवाज पायरीवर. मग उंबऱ्याशी. मग सोप्यात. मग प्रीतीच्या उशाशी...

आणि आवाज थांबला.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की पोटातलं बाळ पाय मारायचं. ठेका धरल्यासारखं. प्रीतीला हसू यायचं. भरतेशला यायचं नाही.

नववा लागल्यावर तो गिटार घेऊन उंब्रजला गेला. पैसे नकोत, म्हणाला, फक्त ठेवून घ्या.

बनाबाईने गिटारीकडे पाहिलंही नाही.

"तिच्यात आता काय न्हाई रं."

तिने उशाखालून एक कुंची काढली. लाल लोकरीची, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी. हाताने विणलेली.

प्रीतीबद्दल त्याने त्या घरात एक अक्षरही काढलं नव्हतं.

"जन्मल्या जन्मल्या घाल," ती मायेने म्हणाली. "आबाला थंडी लय बादती."

कुंची सांगलीतल्या कपाटात आहे. ती टाकायचा धीर कुणाला होत नाही.

प्रीतीचे दिवस भरत आलेत. हल्ली भरतेशचा फोन आला की मी लगेच उचलत नाही...