अर्धा गड्डा

"बाई, ये अदरक ताज़ा है क्या?" गंधवानीच्या हाटात मी ऐटीत विचारलं, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"क्षमा असावी. आपण आत्ता फोनवर मराठीत बोलत होतात, म्हणून सांगतो… ते आले नव्हे. आंबेहळद आहे. हुंगून पाहावी."

मी वळले. उंच, सावळा, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, हातात भाजीची पिशवी — आणि तोंडात हे असलं दरबारी मराठी! मी तुकडा मोडून नाकाशी नेला. कैरी! भर पौषात कैरीचा वास! बगलेत वनस्पतींची वही घेऊन हिंडणारी मी, कान लाल झाले माझे.

हा अंकित डावर, इथलाच, भिलाला आदिवासी, गावच्या शाळेत शिक्षक. धारला शिकताना चार वर्षं म्हाताऱ्या मोरोपंतांकडे भाड्याने राहिला, मराठी तिथलंच. उलट मी देवासची, पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी, आणि माझं 'भिया, ज़रा सरको'शिवाय पानही हलत नाही. ती आंबेहळद विकणारी बाई म्हणजे त्याची आई, थावरीबाई. पान नुसतं चुरगळून नाव सांगायच्या. मुक्या माराला कुठला कंद, खोकल्याला कुठला, चटणीत काय वाटायचं, सगळं तोंडपाठ. माझा प्रबंध या मसाल्याच्या झाडांवरच होता. पण हे कंद उगवतात त्या टेकडीवर नेण्याचा विषय निघाला की त्या माझ्याआधी आलेल्या वहीवाल्यांची आठवण काढून मान हलवायच्या.

"पूरा उखाड़ के ले गए पहलेवाले. लौटा कोई नहीं."

मग मी दर हाटाला जायला लागले. वहीसाठी… बरं, निव्वळ वहीसाठी नाही. अंकित डोळे मिटायला लावून एकेक तुकडा हुंगायला द्यायचा.

"हे?"

"हळद."

"आणि हे?"

"आलं… नाही, थांबा… साबण?"

"तो माझा हात आहे, मेधाताई."

"ताई काय हो ताई! पुन्हा म्हणालात तर येणार नाही."

"मग नाही म्हणणार," तो पटकन म्हणाला, आणि आम्ही दोघंही उगीचच टोपलीकडे बघत बसलो.

चौथ्या हाटाला थावरीबाईंनी मला टेकडीवर नेलं, सोबत अंकितही. आंबेहळदीची पानं वाळून पिवळी झाली होती. त्यांनी कुदळीने माती सैल केली, कंद काढला, बाजूच्या कुड्या, म्हणजे बोटांएवढे फाटे, मोडून घेतल्या आणि मधला जाडा गड्डा माझ्या हातात ठेवला. "ये वापस गाड़ दे. हमारे यहाँ जो गाड़े, वही अगले साल निकाले," म्हणत त्या पुढच्या रोपाकडे वळल्या.

तेवढ्यात खालून बसचा हॉर्न. "धावा!" अंकितने माझा हात धरला आणि आम्ही उतारावरून सुसाट सुटलो. माझं लक्ष कुठे होतं ते सांगायलाच हवं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी, देवासला, त्याचा फोन आला. "माय विचारते आहे, गड्डा नीट पुरलात ना?"

गड्डा तर घाईत माझ्या पिशवीतच राहिला होता! धावत स्वयंपाकघरात गेले. माझी आई, म्हणजे माई, पाटावर बसून विळीवर आंबेहळद चिरत होती.

"अगं, तुझ्या पिशवीत केवढा सुरेख गड्डा होता! लोणचं घालते हो."

"माई, थांब!"

अर्धा उरला होता. मी तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मला रडूच फुटलं. प्रबंध गेला चुलीत. मीही त्या 'पहलेवाल्यां'पैकीच एक निघाले, आणि आता कुठल्या तोंडाने अंकितसमोर उभी राहणार? माईने विळी मोडून ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "सकाळची बस पकड. आणि खरं ते सांग."

इंदूर, धार, गंधवानी. तीन बस बदलल्या. थावरीबाई अंगणात होत्या, अंकित दारात. मी फडकं उलगडलं. "माझ्याकडून चुकलं. पुरायचा राहिला, आणि अर्धा आमच्या घरी चिरला गेला."

थावरीबाईंनी तुकडा उलटसुलट केला.

"आँख बची है," एका फुगीर कोंबावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "उगेगा." मग हसल्या. "लौट के आई तो सही, छोरी! और आधे का क्या किया?"

"लोणचं… मतलब, अचार."

त्या इतक्या हसल्या की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

टेकडीवर मी स्वतःच्या हाताने खड्डा केला. अंकित शेजारी उकिडवा बसून माती लोटत होता. त्याचं दरबारी मराठी कुठे पळालं होतं कोण जाणे.

"पुढच्या पौषात काढायला येशील?"

"येणारच. मीच पुरलाय ना?"

"वर्ष फार लांब आहे, मेधा." त्याने माती थोपटली, माझ्या बोटांवरचीही, आणि बोटं सोडलीच नाहीत. "मला आवडतेस तू. मी मायला घेऊन देवासला तुझ्या घरी आलो तर… चालेल?"

मातीला, त्याच्या हाताला, सगळ्याला कैरीचा वास येत होता.

"ये," मी म्हटलं. "पण आठ दिवसांनी ये. लोणचं मुरू दे तोवर."