गोदामाचे दिवे कोणी घालवले?

"सहलीला तंबू मी उचलणार नाही!" धाकट्या भावाचं तुणतुणं चालूच होतं, तेवढ्यात आकाश पेटलं! हिरवट पांढरा गोळा सर्रकन डोक्यावरून गेला आणि गच्चीवर तीन-चार सेकंद भर दुपार झाली. "उल्का!" भिंग ओरडली. जाड चष्म्यामुळे तिला सगळे भिंगच म्हणत. लगेच समोरच्या गोदामाच्या आवारातले सगळे दिवे गेले आणि अंधारात धाडकन आवाज झाला.

तासाभराने बाबा तोंड पाडून घरी आले. ते गोदामात इलेक्ट्रिशियन होते.

"ट्रक फाटकावर आदळला. साहेब म्हणतात, दिवे मीच घालवले. उद्या कामाचा शेवटचा दिवस. अगं, मी आत मीटरच्या खोलीत होतो, बटणाला हातही लावला नाही!"

भिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"बाबा, ते दिवे आपोआप लागतात ना?"

"हो, भिंतीवर सेन्सर आहे. अंधार पडला की लावतो, उजाडलं की..."

बाबा थांबले. भिंग आणि धाकटा एकमेकांकडे बघून हसले!

दुसऱ्या संध्याकाळी दिवे लागताच दोघं बाबांबरोबर साहेबांसमोर हजर झाले. कालच्या ट्रकचे ड्रायव्हरकाकाही तिथेच होते.

"पोरांनो, ही खेळायची जागा नाही!"

"दोनच मिनिटं, साहेब! काल उल्केच्या उजेडाने काय केलं ते दाखवतो. बाबा तुमच्या शेजारी हात वर करून उभे राहतील."

धाकटा सहलीची मोठी बॅटरी घेऊन शिडीवर चढला. उजेड थेट सेन्सरवर! एक, दोन, तीन... आवारात गुडुप अंधार!

"लाव, लाव परत!" साहेब गडबडले.

"बॅटरी बंद केली तरी पाचेक मिनिटं लागतील," बाबा म्हणाले. "हे दिवे सावकाश पेटतात."

अंधारात भिंगचा आवाज आला, "पण ट्रकला स्वतःचे दिवे असतात ना, काका?"

ड्रायव्हरकाका खाकरले. "दोन्ही बिघडलेत. साहेबांना आठवडाभर सांगतोय. माल पोचू दे, मग बघू, म्हणाले."

एकेक दिवा लालसर होत पेटू लागला, तेव्हा साहेब बाबांकडे वळले.

"चुकलं माझं. उद्या वेळेवर या. आधी ट्रकचे दिवे दुरुस्त करा." मग ते भिंगकडे बघून म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो तुमची!"

बाबांनी भिंगचा चष्मा काढून शर्टाला स्वच्छ पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

"मला पंधरा वर्षांत जे सुचलं नाही, ते हिला दिसलं!"

"आणि शिडीवर कोण चढलं?" धाकटा वरून ओरडला. "आता तंबू तिनेच उचलायचा!"