लाल लोकरीची गाठ

धक्क्यावरून इवालू वळली आणि थबकली. तिच्या होडीत कुणीतरी वाकलेलं… इंजिनावर.

"काय शोधतोयस?"

तो सावकाश सरळ झाला. भुवयांवर हिम, आणि त्याखाली हसू. "बघत होतो. माझंही हेच इंजिन आहे."

तेच तर.

हा पाविया, हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून आलेला. जुन्या इंजिनाचे सुटे भाग आता बर्फ फुटून जहाज येईल तेव्हाच मिळणार. वडिलांमागे तिच्याकडे राहिलं होतं ते हे इंजिन, एवढंच. हे गेलं की होडी काकाला विकायची आणि शहरातल्या कारखान्यात मासे कापत उभं राहायचं.

त्या संध्याकाळी तिने इंजिनाच्या झाकणाला लाल लोकरीचा धागा बांधला. वडिलांच्या गाठीने.

सकाळी धागा होता. गाठ वेगळी… कुत्र्यांचे पट्टे बांधतात तशी, उत्तरेकडची.

मोजून पाहिलं. काहीच गेलेलं नाही. धड चोरही नाही हा!

पुन्हा तिची गाठ. पुन्हा त्याची. धागा पाहून शेजारची मावशी म्हणाली, चोरी करणारा माणूस गाठ इतकी नीट कशाला मारेल? इवालूने तिच्याकडे पाहिलंच नाही. गालांना मात्र थंडी एकाएकी कमी वाटली.

मग तिने एक वेडेपणा केला.

परतल्यावर इंजिन उचलून, दोर ओढून आतलं पाणी काढून टाकायचं असतं. राहिलं तर गोठतं, फुगतं, धातू तडकतो. इथलं पोरही हे विसरत नाही. इवालू विसरली नाही. तिने ते — केलंच नाही.

सकाळी. दोर. खर्रर्… नाही.

खर्रर्…

झाकण उघडलं. प्लग गायब.

म्हणजे अखेर चोरच! तिला राग यायला हवा होता. आला तो हुंदका.

"शिव्या नंतर दे," मागून पाविया म्हणाला. अंगरख्यात हात घालून, छातीजवळच्या खिशातून त्याने प्लग काढला. "पाणी मी काढलं काल. हा भिजला होता, सुकायला नेला. तू विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"तू खरंच कशासाठी येतोस, ते बघायचं होतं."

त्याच्या भुवयांवरचं हिमही जणू हललं. "आणि आलो नसतो तर?"

"इंजिन फुटलं असतं."

"बापाचं इंजिन लावलंस… माझ्यावर?"

तिने हात पुढे केला. प्लग घेतला. ऊब अजून तशीच होती… त्याच्या अंगाची. "रोज का यायचास? पाणी तर मीच काढत होते."

"पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "नंतर… तुझी गाठ सोडवायला आवडायला लागलं."

प्लग बसला. दोर. खर्रर्… खर्रर्… आणि धडधड सुरू झाली, इतकी की खाडीतली कुत्री भुंकू लागली.

"चल, बस," ती म्हणाली. "पण झाकणावरचा धागा आज मी बांधणार. बघू सोडवता येतो का."