यंत्राचा पहिला सौदा

मंगळावरच्या समवाटा वसाहतीतलं वाटपयंत्र कधी चुकत नसे. म्हणून त्या सकाळी त्याने दिलेला सल्ला इरावती सोनटक्केने पुन्हा एकदा वाचला. यंत्राची देखभाल तिच्याकडे होती. दरीपलीकडच्या खुल्या वस्तीची बर्फाची खाण आटली होती आणि त्या लोकांना समवाट्यात सामावून घ्यावं, असंच इथे सगळ्यांना वाटत होतं. यंत्र मात्र म्हणत होतं, त्यांना पाणी फुकट द्या, पण सामावून घेऊ नका.

इरावतीच्या मनात पाल चुकचुकली. समवाट्यात कुणी काय काम करायचं आणि कुणाला काय मिळायचं, हे यंत्रच ठरवी. तिचा धाकटा भाऊ हेरंब त्यालाच कंटाळून पलीकडे गेला होता. तिथे लोक घासाघीस करून आपापसांत वस्तूंची अदलाबदल करत. वस्त्या एक झाल्या असत्या तर तो परत आला असता. कुणीतरी यंत्रात हात घातलाय, असं तिला वाटलं, आणि तसं करू शकणारा माणूस एकच होता: यंत्राचे रचनाकार हमीद परकार.

त्यांना काही न विचारता ती यंत्राकडे येणारी माहिती तपासत बसली. रोजचं वाटप ठरवण्याआधी यंत्र चोरून काहीतरी ऐकत होतं. खुल्या वस्तीतले लोक रेडिओवरून सौदे करत, ते सौदे.

मग ती परकारांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"मी नाही शिकवलं त्याला," ते म्हणाले. "आपल्याकडे सगळं फुकट, त्यामुळे प्रत्येक जण सगळंच मागतो. हातमोजे जास्त गरजेचे की हवेची गाळणी, हे यंत्राने ओळखायचं कसं? पलीकडे माणूस एक गोष्ट मिळवायला दुसरी सोडतो. काय सोडलं, त्यावरून गरज कळते. हे त्याने आपणहून शोधलं."

"म्हणजे ते लोक आपल्यात आले तर..."

"यंत्र आंधळं होईल."

हे लपवलं का, असं तिने विचारलं. लोकांचा यंत्रावर विश्वास आहे, तो मोडून काय मिळणार, असं ते म्हणाले. तू कुणाला सांगणार नाहीस, असंही म्हणाले. ती विनंती होती की ताकीद, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती पाण्याची पहिली गाडी घेऊन दरीपलीकडे गेली आणि तिने हेरंबला सगळं सांगून टाकलं. तो भडकेल असं तिला वाटलं होतं. यंत्र नेमकं काय ऐकतं, एवढंच त्याने विचारून घेतलं. मग त्याने शेजाऱ्यांना बोलावलं, आणि त्या दिवसापासून खुल्या वस्तीचा रेडिओ बंद झाला. सौदे समोरासमोर, हलक्या आवाजात होऊ लागले.

समवाट्यात हातमोज्यांचे ढीग साचले आणि गाळण्या संपत आल्या. पाळणाघरातली हवा जड झाली. कारण ठाऊक असलेली इरावती घाबरून पुन्हा भावाकडे धावली.

"कुणाला गुदमरवायचं नाहीये आम्हाला," हेरंब म्हणाला. "गाळण्या आजच घेऊन जा. पण आमचे सौदे यापुढे चोरून ऐकू देणार नाही. यंत्राला ऐकायचे असतील, तर त्यानेही सौदा करावा."

तिने तिथूनच यंत्राशी संपर्क जोडून दिला. आमचे सौदे ऐकण्याच्या बदल्यात काय देणार, असं हेरंबने विचारलं.

यंत्राकडून बराच वेळ काही आलं नाही. इरावतीला कारण समजलं. प्रत्येक वस्तूचं मोल त्याला ऐकून ठाऊक होतं, पण या ऐकण्याचाच सौदा आजवर कुणी केला नव्हता. त्याचं मोल ते कुठून ऐकणार?

अखेर पडद्यावर अक्षरं उमटली. आजवर सगळ्यांना काय हवं ते परस्पर ठरवणाऱ्या त्या यंत्राने विचारलं होतं: तुम्हाला काय हवं आहे?

हेरंब उत्तर द्यायला पुढे झाला. इरावतीने त्याचा हात धरला. "सांभाळून. तुझ्या उत्तरातूनही ते शिकणारच आहे."

त्याने हात हळूच सोडवून घेतला. "शिकू दे, ताई. या वेळी विचारून शिकतंय."